आत्यांचे गुडघे

नवी नवरी मृण्मयी वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला निघाली आणि थेट नवऱ्याच्या धाकट्या बहिणीपुढेच वाकली. कार्यालयात हशा पिकला. नवऱ्याच्या ब्याऐंशी वर्षांच्या सुमतीआत्या मात्र हसल्या नाहीत. तांब्याच्या पेप्टाइडची इंजेक्शनं आल्यापासून कुणाच्या चेहऱ्यावर सुरकुती नव्हती की डोक्यात पांढरा केस नव्हता. आत्यांची काळीभोर वेणी पाहून लोक त्यांच्या पाया पडायचंच विसरले होते.

पंगत उठली. "आई गं," म्हणत आत्या गुडघ्यावर हात टेकून कशाबशा उभ्या राहिल्या. मृण्मयी लगबगीने आली आणि वाकली.

"कसं ओळखलंस गं?"

"गुडघ्यांवरचं इंजेक्शन अजून निघालं नाही ना, आत्या."

आत्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "निघालं तरी मी नाही घेणार बघ."