एकोणीसला बुडालेला पाणबुड्या

बाळांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. बेटावरच्या नसाऊ बंदरातली शनिवारची दुपार आहे. ग्रँट्स टाउन वस्तीतल्या सोसायटी हॉलच्या खिडक्यांना समुद्रातला स्पंज भरायची पोती ठोकून अंधार केलाय. समोर जहाजाचं एक शीड ताणून बांधलंय आणि त्या शिडावर समुद्र हलतोय. तुम्ही दुसऱ्या बाकावर बसला आहात. शेजारी तुमचे वडील आहेत, आणि शिडावरच्या होडीतही तुमचेच वडील उभे आहेत.

नऊ वर्षांच्या ड्रुसिला मॉक्सीचं नेमकं असंच झालं होतं. कोणत्या पप्पांकडे बघावं, तिला कळेना.

समुद्रतळावरच्या साहसांची ही गोष्ट पडद्यावर आणायला सिनेमावाले गेल्या वर्षी बेटावर येऊन राहिले होते. ड्रुसिलाच्या वडिलांना, थिओफिलसला, त्यात एकच काम होतं. ऑक्टोपसच्या तावडीत सापडायचं आणि मरायचं.

चित्र मुकं होतं. मधूनमधून शिडावर अक्षरं यायची, ती बेथेल मास्तर छडी फिरवत मोठ्याने वाचायचे.

"'अभागी पाणबुड्या! मोत्यांच्या लोभाने तो मृत्यूच्या दारी चालला!'"

"मोती? आमच्या पाण्यात?" केझाया मावशी म्हणाली. "स्पंजच्या लोभाने म्हणा, मास्तर."

"लिहिलंय ते वाचतोय, केझाया."

तेवढ्यात शिडावरच्या थिओफिलसने सूर मारला.

"एक," मागून कोणीतरी म्हणालं.

"दोन," चार जण म्हणाले. तीनला सगळा हॉल सामील झाला. माणूस पाण्याखाली गेला की वरच्यांनी मोजायचं, ही इथली रीत. होडीत मोजताना काठावर वल्हं आपटतात. इथे वल्हं नव्हतं, म्हणून लोक जमिनीवर टाचा आपटू लागले. एका श्वासात किती मोजेपर्यंत खाली राहता येतं, असा प्रत्येक पाणबुड्याचा आपला एक आकडा असतो आणि तो गावाला त्याच्या नावासारखा पाठ असतो. थिओफिलसचा आकडा होता एकशे चाळीस.

पहिल्या बाकावर बसलेले कप्तान लाइटबर्न हा आकडा ऐकूनच अ‍ॅबाको बेटावरून आले होते. होडीतून स्पंज ओढायची आकडीची काठी पोचत नाही अशा खोल पाण्यातला स्पंज काढायला त्यांना माणूस हवा होता. चित्र संपलं की माणूस निवडायचा आणि संध्याकाळच्या भरतीला निघायचं, असा त्यांचा बेत होता. थिओफिलसने आपलं गाठोडं बाकाखाली आणूनच ठेवलं होतं.

"आठ."

खडकामागून ऑक्टोपस निघाला. होता रबराचा, पण होडीएवढा.

"अगं बाई! लिंबू-मिरची लावून शिजवला तर अख्खी आळी जेवेल," मावशी म्हणाली.

"अकरा... बारा..."

ऑक्टोपसने एक हात थिओफिलसच्या कमरेला घातला, दुसरा गळ्याला.

"सतरा... अठरा... एकोणीस."

एकोणीसला थिओफिलसने डोळे फिरवले, मान टाकली आणि तो लुळा पडला. लगेच समुद्र गेला. एक गोरी बाई बागेत उभी राहून रुमाल हलवू लागली.

वीस कोणीच म्हणालं नाही.

"एकोणीस?" शेवटच्या बाकावरून सीफसचा आवाज आला. सीफसही पाणबुड्याच, आणि त्याचा आकडा नव्वद. "थिओ, अरे, माझी आजी तोंड धुताना याहून जास्त श्वास रोखते!"

हॉल खदखदून हसला.

"मी पूर्ण वेळ खाली होतो," थिओफिलस म्हणाला. "तीन-तीनदा. त्यांनी मधलं कापलं."

"काय कापलं? पाणी?"

"फीत रे! कात्रीने कापतात. लांबलं तर लोक कंटाळतात म्हणाले."

"माणूस बुडत असताना कंटाळतात?" मावशीने विचारलं. "कुठले म्हणायचे हे लोक?"

पुन्हा हशा पिकला. कप्तान मात्र हसले नाहीत. ते मागे वळले आणि हळूच म्हणाले, "हे बघ, थिओफिलस, मी परक्या बेटावरचा माणूस. मला डोळ्यांना दिसलं तेवढंच खरं. एकोणीसवाल्याला मी दहा वाव खोल पाण्यात कसा उतरवू?"

"कप्तानसाहेब, मला नव्वदपर्यंत सहज जमतं," सीफस मागून ओरडला.

थिओफिलसने वाकून बाकाखालचं गाठोडं ओढलं आणि मांडीवर घेतलं, घरी निघाल्यासारखं.

ड्रुसिला बाकावर चढली. तिच्या डोक्याची सावली शिडावरच्या बाईच्या बागेत पडली.

"खाली बस गं पोरी!" लोक ओरडले.

"पप्पा वर आलेले कोणी पाहिले?" तिने विचारलं.

"कोण वर आलं?"

"पप्पा. डोकं पाण्याबाहेर आलेलं कोणी पाहिलं? सीफसकाका, तुम्ही पाहिलं?"

सीफसने मावशीकडे पाहिलं, मावशीने मास्तरांकडे. पाहिलं कोणीच नव्हतं.

"मग मोजायचं का थांबवलंत?"

हसणं बंद पडलं. माणूस वर येण्याआधी मोजणं सोडणं म्हणजे त्याला मेला म्हणण्यासारखंच. तसं कोणी करत नाही, अगदी भांडण असलं तरी. मावशीने तोंडावर हात ठेवला. मास्तरांनी छडी खाली केली.

"पण पोरी, ते चित्र आहे," कप्तान म्हणाले.

"मोजलंत तुम्हीच ना?"

बागेतली बाई रुमाल हलवतच होती, पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

ड्रुसिला वडिलांकडे वळली. "पप्पा, मोठा श्वास घ्या."

थिओफिलसने तिच्याकडे पाहिलं, मग मुकाट्याने गाठोडं खाली ठेवलं आणि छाती भरून श्वास घेतला. तिने त्याचं नाक चिमटीत पकडलं, बाकावर टाच आपटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"वीस."