विहिरीपाशी ठेवलेला वाटा

स्वारगेटजवळच्या सायबर कॅफेत आम्ही तिघं दर रविवारी दुपारी राक्षस मारायचो. राक्षस मेला की तलवारी, अंगठ्या, हेल्मेटं असा माल सांडायचा. मुनव्वरला कायम उशीर व्हायचा, म्हणून त्याचा वाटा मी आणि पूर्णिमा गेममधल्या गावच्या विहिरीपाशी ठेवायचो. तो आल्यावर सगळं उचलायचा, फक्त हेल्मेट सोडून.

"डोकं गरम होतं यार," म्हणायचा.

स्कूटरवरही त्याचं हेच म्हणणं होतं. खडकवासल्याच्या रस्त्यावर स्कूटर घसरली आणि डोकं कायमचं थंड झालं. त्याला सहा वर्षं झाली.

आता आम्ही दोघंही आयटीत आहोत. रविवारी पूर्णिमाच्या घरी लॅपटॉप जोडून तोच गेम खेळतो. मुनव्वरचा वाटा अजून ठेवतो, सवयीनं. तो उचललाही जातो, हेल्मेट सोडून. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आम्ही इंटरनेटची केबल काढून पाहिली, तरी तेच. मग चहा केला.

"निदान आवड तरी बदलली नाही त्याची," पूर्णिमा म्हणाली होती.

गेल्या रविवारी आम्ही मुद्दाम नुसतं हेल्मेट ठेवलं. राक्षस मारून परतलो, तर विहिरीपाशी काहीच नव्हतं. मला फार बरं वाटलं.

"शहाणा झाला एकदाचा," म्हणत मी स्कूटरची किल्ली उचलली.

"थांब," पूर्णिमा म्हणाली.

स्क्रीनवर हेल्मेट माझ्या योद्ध्याच्या पायाशी पडलं होतं. मी योद्ध्याला दोन पावलं मागे नेलं. हेल्मेटही दोन पावलं सरकलं.

"अरे," तिनं हळूच विचारलं, "तू हेल्मेट आणलंयस ना?"