दारावरचा ठिपका

स्क्रीनवरच्या गर्द लाल गाडीच्या दारावर, हँडलच्या जरा खाली, तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता. योगिनीने सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा उजेड लावून पाहिला. रंग पालटत गेला, ठिपका जागचा हलला नाही.

"धूळ असेल, पुसून टाक," पुण्याच्या ऑफिसातला शेजारचा सहकारी म्हणाला.

गाडीच्या नव्या रंगात भोवतालचं प्रतिबिंब कसं उमटेल ते दाखवायला तिने अनसिंग या आपल्या गावातल्या घराच्या अंगणाचे तिन्ही वेळचे फोटो वापरले होते. गेल्या खेपेला तिथे आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावून ती दिवसभर धनजला मावशीकडे गेली होती.

आई गेल्यापासून बाबा घरी एकटेच. गावाहून काम करायची मुभा तिला कधीच मिळाली होती, पण विषय काढला की बाबा फोनवर हसायचे, "कायले येतं वो माय? मी दिवसभर वावरात. घरी बसाले फुरसत कोनाले हाय?"

तिने ठिपका मोठा केला. बाबांची टोपी. तिन्ही वेळी ते फाटकापाशी त्याच खुर्चीत, रस्त्याकडे तोंड करून बसलेले.

तिने फोन लावला.

"बाबा, आता तुमचं काही ऐकत नाही. मी कायमची घरी येऊन राह्यली."