उतरती रेघ

पडद्यावरची रेघ खाली वळली, तसे विभागप्रमुख खूश झाले. “शतकाच्या मध्यानंतर जगभर भूजलाचा उपसा घटणार! माणसं शहाणी होणार म्हणायची.”

“शहाणी नाही, सर,” हे गणित मांडणारी प्रांजली म्हणाली. “खाली पाणीच उरणार नाही, म्हणून घटणार.” तिने नकाशा मोठा केला. सगळ्यात आधी, येत्या तीन-चार वर्षांतच कोरड्या पडणाऱ्या भागांत तिचं विदर्भातलं माहेर होतं.

तेवढ्यात भावाचा फोन आला. “ताई, नव्या बोअरले पानी लागलं! बाबा पेढे वाटून राह्यले. उद्या संत्र्याची कलमं लावतो.”

अभिनंदन तिच्या ओठांवर येईना आणि गप्पही बसवेना. तिने फोन वडिलांना द्यायला सांगितला.

“बाबा, हे पाणी फार वर्षं टिकणार नाही.”

वडिलांनी विचारलं, “झाड फळावर येईपर्यंत तरी पुरते का वं?”

तिची नजर नकाशावरून हलत नव्हती. “नाही, बाबा.”

वडिलांनी कलमं परत पाठवली आणि त्या वावरात तूर पेरली. भाऊबीजेला प्रांजली ओवाळणीचं ताट घेऊन उभी राहिली, पण भाऊ पाटावर येऊन बसला नाही.