फौजदाराची बांग

"मग आरवतं कोण?"

शेजारच्या काकींनी डॉक्टरांना फाटकातच अडवलं. डॉक्टर पशुवैद्य होते. अंगात पांढरा पोशाख, पायांतले गमबूट औषधाच्या टबात बुडवलेले.

"रोज पहाटे ऐकते मी. एकदाच आरवतो, लबाड! माझी सगळी पाखरं डोळ्यांदेखत खड्ड्यात गेली, मी तोंडातून ब्र काढला नाही. आणि शेजारच्यांचा फौजदार कोंबडा तेवढा लाडाचा?"

काकींचं काही चुकत नव्हतं. बर्ड फ्लूची साथ आवरत आली होती. त्या टापूतल्या सगळ्या फार्मवरचे पक्षी मारून पुरले होते, शेड धुऊन चुना मारला होता. उरली होती फक्त शेवटची तपासणी. ती निभावली की नवी पिल्लं आणायला परवानगी. पण कुठे एक जरी पक्षी दडवलेला निघाला असता, तर सगळ्यांचीच मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली असती.

डॉक्टरांनी काकींच्या शेजाऱ्यांचं दार वाजवलं. सूनबाईंनी उघडलं.

"फौजदार कुठाय?"

"मीच दिला ना तुमच्या माणसांकडे. माझ्या हातांनी." तिचा आवाज घोगरा झाला होता. "हा चुना हो. शेड धुतल्यापासून घसा धरलाय."

डॉक्टरांनी घर पाहिलं. माळा पाहिला, न्हाणीघर पाहिलं, सरपणाची खोली पाहिली. सोबतचा कंपाउंडर तर पलंगाखाली पालथा पडून शिंकत बाहेर आला. पिसाचा तुकडासुद्धा सापडला नाही.

पण म्हाताऱ्या सासऱ्यांच्या खोलीच्या पायरीवर मक्याचे दाणे पडले होते. शेजारी पाण्याने भरलेला वाडगा.

डॉक्टरांनी दाण्यांकडे पाहिलं. सूनबाईंनी केरसुणी उचलली.

"कोण आलंय गं?" आतून सासऱ्यांनी विचारलं. त्यांची नजर कधीच गेली होती. उशाला औषधांच्या बाटल्या होत्या.

"डॉक्टर आलेत, बाबा. कोंबड्यांचे."

"या, या! माझा फौजदार भेटला का?" म्हातारे उठून बसले. "म्हातारा झाला हो माझ्यासारखाच. पूर्वी सगळी आळी उठवायचा. आता एकदा आरवतो आणि गप्प. पण पहाट चुकवत नाही. मी सायकलच्या मागे टोपल्या बांधून धंदा सुरू केला ना, तेव्हापासून दारात एक तरी कोंबडा आहेच. तो आरवला की मला कळतं, सगळं जागच्या जागी आहे. शेडमध्ये ठीक ना सगळं?"

शेड ओढ्यापलीकडे होत्या. तिथला शुकशुकाट या खोलीपर्यंत पोचत नव्हता.

डॉक्टरांनी सूनबाईंकडे पाहिलं. तिने हात जोडले.

"ठीक आहे, बाबा," डॉक्टर म्हणाले.

अंगणात आल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "यांना काहीच सांगितलं नाही?"

"काळीज नाजूक आहे त्यांचं. धक्का बसता कामा नये, असं बजावलंय. नवी पिल्लं आली, शेड भरल्या, की मीच सांगेन. तोवर..." तिला खोकला आला. "त्यांच्याशी खोटं बोलते मी. तुमच्याशी नाही. घरात पक्षी नाही, डॉक्टर."

"मग आरवतं कोण?"

सूनबाई दोरीवरचे कपडे काढायला लागली.

"हे बघा, मलाही वाईट वाटतं," डॉक्टर म्हणाले. "पण एका कोंबड्यापायी सगळ्यांचा घास जाईल. मी पहाटे येणार. सांगून ठेवतो."

"या," ती म्हणाली. "पण मला त्यांना उठवायचं असतं त्या वेळी. तुमच्यामागे फिरायला व्हायचं नाही."

पहाटे ते खरंच आले. कंपाउंडरला फाटकाशी उभं केलं आणि हातात जाळी घेऊन घराला वळसा घालून गेले. बांग झाली. एकदाच. फाटकाशी कंपाउंडरने कान टवकारले.

थोड्या वेळाने डॉक्टर परतले. जाळी रिकामी होती.

"निसटला का, साहेब?"

"चल, चहा घेऊ," डॉक्टर म्हणाले आणि जाळी त्याच्या हातात देऊन पुढे निघाले.

दुपारी सगळे फार्मवाले जमले. डॉक्टरांनी जाहीर केलं, टापू स्वच्छ आहे, पिल्लं आणायला हरकत नाही. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं, कुणी नुसतंच खाली बसलं. सूनबाईंनी डॉक्टरांचे आभार मानले, तर घशातून नुसती घरघर निघाली. काकी रडता रडता हसत होत्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि सरळ डॉक्टरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आणि फौजदार? तुम्हाला दया आली असेल, पण उद्या माझी पिल्लं मेली तर?"

"पक्षी नाही, काकी. माझ्या नोकरीची शपथ."

"मग मला काय भास होतात?"

डॉक्टरांनी परवानगीचा कागद त्यांच्या हातात दिला. कंपाउंडर मात्र मान खाली घालून बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला. साहेबांनी एवढी जोखीम घ्यावी, हे काही त्याला पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सूनबाईंच्या गळ्याला मफलर होता. रात्रीत आवाज पार बसला होता. गरम पाणी झालं, मीठ झालं, काही उपयोग नव्हता. खिडकीत उजाडायला लागलं, तशी ती सासऱ्यांच्या पलंगापाशी येऊन उभी राहिली. म्हातारे जागे होते. मूठभर दाणे हातात धरून कान देऊन बसले होते.

"आज नाही आरवला गं," ते म्हणाले. "काय झालं? मला खरं सांग."

तेवढ्यात मागच्या अंगणातून बांग आली. खणखणीत, लांबलचक.

"घसा सुटला गड्याचा!" म्हातारे खुदकन हसले आणि त्यांनी दाणे पायरीकडे भिरकावले.

सूनबाई जागीच थिजली. इतके दिवस ती बांग तिच्याच घशातून निघत होती. ती मागच्या दाराकडे धावली. पाण्याच्या टाकीआड, पांढऱ्या पोशाखातले डॉक्टर दोन्ही हात तोंडाशी धरून दुसऱ्या बांगेसाठी छातीत श्वास भरून घेत होते.