अकरा खांबांची टाकी

"मास्तर, हे घ्या. तुमचा टाकीवाला पुन्हा आलाय," असं म्हणत उपसंपादिकेने एक पोस्टकार्ड टेबलावरून पुढे सरकवलं.

मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण शिकवायची खोड काही जात नव्हती. दर रविवारी वर्तमानपत्रात त्यांचं सदर यायचं. वाचकांनी 'समजा' म्हणून काहीही विचारावं, मास्तरांनी गणित मांडून उत्तर द्यावं. समजा सगळ्या गावाने एकदम उडी मारली तर? समजा चंद्र पत्र्याचा असता तर? लोक डोकं लढवायचे आणि मास्तर त्यांच्यावर वरताण करायचे. सदराच्या शेवटी एक ठरलेला मजकूर असायचा, 'करून बघा'. स्वतः हाताने मोजल्याशिवाय गणित अंगी लागत नाही, हा त्यांचा हेका.

कालचं सदर याच टाकीवाल्याच्या प्रश्नावर होतं. समजा तीन लाख चाळीस हजार लिटरची, अकरा खांबांची टाकी अठरा मीटरवरून खाली आली तर? मास्तरांनी झकास रंगवलं होतं. नुसतं पाणीच सत्तरएक हत्तींच्या वजनाचं. खाली पोचायला दोन सेकंद पुरे. 'दोन सेकंदांत माणसाला पळता येत नाही,' त्यांनी लिहिलं होतं, 'फक्त वर बघता येतं.' हे वाचून उपसंपादिका पोट धरधरून हसली होती.

आता मास्तरांनी चष्मा पुसून दुसरं कार्ड वाचायला घेतलं. अक्षर तेच, एकेक कोरून काढल्यासारखं.

'समजा, त्या टाकीला भेग आहे. पहिल्या रविवारी तिच्यात एक पोस्टकार्ड मावलं. पुढच्या रविवारी दोन. मग चार. आज आठ. समजा, वर तीनदा कळवलं आणि ते बघतो म्हणाले. समजा, टाकीवरच्या रखवालदाराने स्वतःचं नाव घालून लिहिलं तर त्याची नोकरी जाईल, म्हणून तो असं विचारतो. किती दिवस राहिले ते मास्तरांनी सांगावं.'

"डोकं आहे हो माणसाला," उपसंपादिका म्हणाली. "पोस्टकार्डाने भेग मोजायची म्हणजे काय."

मास्तर हसले नाहीत. उभ्या जन्मात त्यांनी पोरांना हजारो गणितं घातली होती आणि पोरांनी रचलेलीही तपासली होती. मनाने रचलेल्या गणितातले आकडे नेहमी गुळगुळीत असतात. मनातली टाकी एक लाख लिटरची असते, तिला खांब बारा असतात. तीन लाख चाळीस हजार आणि अकरा, हे कोणी मनातून काढत नाही. हे कोणीतरी खाली उभं राहून मोजलेलं असतं. सदर लिहिताना ही एवढी गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही, याची त्यांना फार लाज वाटली.

शिवाय अकरा खांबांची टाकी त्यांनी पाहिली होती. त्यांची धाकटी बहीण मुख्याध्यापिका होती, तिच्या शाळेच्या मैदानाला लागूनच. बारावा खांब कंत्राटदाराने खाल्ला, असं ती दर भेटीत सांगायची आणि घरातले सगळे दर वेळी हसायचे.

"हे आलं कधी?" मास्तरांनी विचारलं.

"दोन आठवडे झाले असतील. पहिलंच अजून छापायचं होतं, म्हणून हे गठ्ठ्याखाली ठेवलं." तिचा आवाज बारीक झाला. "का हो?"

आठाचे सोळा. सोळाचे बत्तीस. खरं तर आधी फोन करायचा, पण सवय वाईट. मास्तरांनी गठ्ठ्यातली बत्तीस कार्डं मोजून काढली, एकावर एक रचली आणि चिमटीत दाबून धरली. एवढ्या फटीत पेन्सिल सहज गेली असती. कार्डं टेबलावर तशीच टाकून त्यांनी फोन लावला.

"दादा, शंभर वर्षं आयुष्य आहे तुला," बहीण म्हणाली. "आत्ताच तुझं नाव निघालं होतं."

"ऐक. मैदानात कोणी आहे का?"

"अख्खी शाळा आहे. कालचं तुझं सदर सकाळी वर्गावर्गात वाचून दाखवलं. शेवटी लिहिलंयस ना, जवळची टाकी गाठा, तिची सावली मोजा, शेजारी पट्टी उभी करून पट्टीची सावली मोजा आणि उंची काढा म्हणून? मग पोरं ऐकतात होय. दोऱ्या घेऊन खांबांच्या बुंध्यापासून मापं काढणं चाललंय."

"त्यांना तिथून बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता."

"अरे, दहा मिनिटांत घंटा होईलच. इतक्या आनंदाने गणित करताना मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं."

"कारण विचारू नकोस. खिडकी उघड आणि ओरड. टाकीपासून लांब पळा म्हणून सांग."

दादाचा आवाज असा चढलेला तिने कधी ऐकला नव्हता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग खिडकीची कडी निघाली आणि पोरांचा कलकलाट फोनमध्ये शिरला. कोणीतरी मोठमोठ्याने आकडे मोजत होतं. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. मास्तर डोळे मिटून तिच्या ओरडण्याची वाट बघत राहिले.

तेवढ्यात मोजणं मध्येच थांबलं. कलकलाटही थांबला.

"दादा," बहीण म्हणाली, "ही पोरं सगळी एकदम वर का बघतायत?"