मोठ्याने बोलायची भाषा

"स्पासिबा, बाबुश्का."

बागेतल्या शेडमधून आवाज आला आणि चादर वाळत घालता घालता सुलक्षणाबाई थबकल्या. आवाज झ्लाताचाच. चांगला खणखणीत, रस्त्यापर्यंत जाईल असा. आणि या घरात 'स्पासिबा' हा शब्द बंद होता.

बंद केला होता झ्लाताच्या आईने, हलीनाने. युक्रेनहून या मायलेकी नॉटिंगहॅमला सुलक्षणाबाईंकडे राहायला आल्या, तेव्हा बाईंनी हौसेने यूट्यूबवरून आभाराचा एक शब्द घोकून ठेवला होता. दारात हलीनाने फुलं दिली, बाई म्हणाल्या, "स्पासिबा." हलीनाचा चेहरा पडला. "ते रशियन झालं," ती म्हणाली. "मी जन्मभर तेच बोलले. आता नाही. आम्ही ड्याकुयू म्हणतो." बाईंना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तेव्हापासून हलीना स्वतःच युक्रेनियन शिकत होती. अडखळायची, लेकीकडून चुका सुधारून घ्यायची, पण रशियनवर जायची नाही. तिची आई रशियाच्या ताब्यातल्या गावात अडकलेली. जवळ हलीनाच्या बेपत्ता भावाची मुलगी, सोल्या. म्हातारीला धड फक्त रशियनच येतं, वर औषधं मिळावीत म्हणून तिने रशियन पासपोर्टही घेतला. त्या दिवशी हलीनाने आईशी बोलणं टाकलं. त्याला आता वर्ष होत आलं.

बाईंना हे जरा अतीच वाटायचं, पण मनातून कौतुकही होतं. त्यांचा स्वतःचा नातू वीर, बर्मिंगहॅमला असतो, त्यांना 'ग्रॅनी' म्हणतो. मराठीत विचारलं की उत्तर इंग्लिशमध्ये. झ्लाता मात्र त्यांना 'आजी' म्हणायची. आपण घरात अशी शिस्त का नाही लावली, म्हणून बाईंचा जीव जळायचा. आणि आता ही पोर आईच्या पाठीमागे रशियन बोलतेय. चोरून बोलायचं तर इतक्या मोठ्याने कशाला, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

त्यांना चैन पडेना. चहा केला, तो तसाच गार झाला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. शेवटी मुलाला फोन लावला. अनुप म्हणाला, "आई, प्लीज, त्यांच्या फॅमिली मॅटरमध्ये तू पडू नकोस." म्हणजे पडायलाच हवं, असं बाईंनी ठरवून टाकलं.

हलीना केअर होमची शिफ्ट संपवून आली. तिने अजून कोटही काढला नव्हता.

"हलीना, मला चुगली करायची नाही," असं म्हणत बाईंनी चुगली केली.

हलीना तशीच बागेत गेली. बाई मागोमाग. शेडचं दार उघडलं तर झ्लाता अजून तिथेच, मातीच्या पोत्यावर बसलेली, हातात फोन. आईला पाहून ती दचकली, पण आधी तोंडावर बोट ठेवलं, फोनमध्ये रशियनमध्ये काहीतरी मोठ्याने म्हणाली आणि मग तो म्यूट केला.

"फोन दे," हलीना म्हणाली.

"आई, आधी ऐक." बाईंना कळावं म्हणून झ्लाता इंग्लिशमध्ये बोलत होती. "सोल्याच्या शाळेत आता सगळं रशियन. ती आपली भाषा विसरायला लागलीय. तिकडे बाबुश्काच्या, माझ्या आजीच्या, भिंतीपलीकडे जो माणूस राहतो, तो सगळं ऐकतो आणि रशियन अधिकाऱ्यांना कळवतो. म्हणून आजी फोन स्पीकरवर टाकते आणि आम्ही दोघी मोठ्याने रशियन बोलतो. हवा, कोबी, तिचे गुडघे. आणि मधे मधे, आजी एकटीच बोलत राहिली की, मी हळू आवाजात सोल्याला युक्रेनियन शिकवते."

"हे कोणी ठरवलं?"

"आजीने."

झ्लाताने फोन घट्ट धरला. "पण आजीला खूप खोकला झालाय. तिला बोलवत नाही. गप्प बसलं तर त्या माणसाला संशय येणार, आणि मीच रशियन बोलत बसले तर शिकवू कधी? सोल्याचा वेगळा फोन आहे तिकडे. माझ्याकडे फोन एकच आणि तोंडही एकच. आज धडा झालाच नाही, आई. उद्याही होणार नाही."

सुलक्षणाबाईंना वाटलं, आपली जीभ कुठेतरी कुलपात ठेवून द्यावी. "मी आधी तुला विचारायला हवं होतं गं," त्या मराठीतच पुटपुटल्या. झ्लाताला ते कळलं की नाही, कोण जाणे.

म्यूट केलेल्या फोनवर सेकंद सरकत होते. तिकडे त्या घरात आता शांतता असणार, आणि ती शांतता भिंतीपलीकडे ऐकू जात असणार. हलीनाने लेकीच्या हातातून फोन काढून घेतला. झ्लाताने डोळे मिटले.

तेवढ्यात तिच्या मांडीवर काहीतरी पडलं. आईचा स्वतःचा फोन होता.

"सोल्याला लाव," हलीना म्हणाली. "इअरफोन घालायला सांग तिला."

झ्लाता कोपऱ्यात सरकली. थोड्याच वेळात तिचं कुजबुजणं सुरू झालं, एकेक शब्द दोन-दोनदा. हलीनाने हातातल्या फोनचं म्यूट काढलं. घसा साफ केला.

"ममा?"

तिकडून नुसता खोकला आला. बराच वेळ खोकलाच येत राहिला. मग एक अस्पष्ट शब्द, बहुधा हलीनाचं नाव.

हलीना बोलायला लागली. भराभर, न अडखळता, जन्मभर बोलत आलेली भाषा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज तिने जराही खाली येऊ दिला नाही. हवा, कोबी, गुडघे असंच काहीतरी असावं. सुलक्षणाबाईंना त्यातला एकच शब्द येत होता. तो त्यांनी ऐकला, भिंतीपलीकडे जाईल अशा मोठ्या आवाजात, पुन्हा पुन्हा.

"स्पासिबा, ममा. स्पासिबा."